स्कॅन नॉर्मल आल्यानंतर

मोटारसायकल घसरून पडलेल्या माणसाला हॉस्पिटलात नेलं की घरच्यांचा जीव एका कागदात अडकतो. सीटी स्कॅनचा रिपोर्ट नॉर्मल आला की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि ते बरोबरच आहे. मेंदूत रक्तस्राव नाही, कवटीला तडा नाही, म्हणजे जिवावरचं टळलं. पण हाच माणूस तीन-चार आठवड्यांनी कामावर जातो आणि दुपारपर्यंत त्याचं डोकं ठणकायला लागतं. एसटीत खिडकीबाहेर पाहिलं की मळमळतं. जिना चढला की कानशिलं उडतात. मोबाइलवरची अक्षरं एकात एक मिसळतात, बाजारात माणसांच्या गर्दीत पाय टाकायला नको वाटतं. तो पुन्हा डॉक्टरांकडे जातो, पुन्हा स्कॅन होतो, पुन्हा नॉर्मल येतो. मग दोनपैकी एक सल्ला मिळतो. एक म्हणजे ‘अजून विश्रांती घ्या’. दुसरा जरा आवाज खाली आणून, बहुधा त्याला न सांगता त्याच्या बायकोला सांगितला जातो : ‘त्यांनी मनाला लावून घेतलंय.’

या दोन्ही सल्ल्यांबद्दल माझी तक्रार एकच आहे. ते देण्याआधी पेशंटच्या मानेला कुणी हात लावलेला नसतो. डोळे हलवून बघितलेले नसतात, एका पायावर उभं केलेलं नसतं, चालवून नाडी मोजलेली नसते. एक यंत्र काही दाखवत नाही, एवढ्यावरून शरीरात काही नाही असा निष्कर्ष काढलेला असतो. कन्कशननंतर, म्हणजे मेंदूला हादरा बसल्यानंतर, महिना उलटला तरी हटत नाहीत अशा तक्रारींचा मोठा भाग शरीरातच असतो. हाताने, डोळ्याने, घड्याळाने तो सापडतो आणि मोजूनमापून दिलेल्या हालचालीने पुष्कळदा कमी होतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे पुरतं स्पष्ट झालं आहे. आपल्या डिस्चार्ज कार्डावर ते अजून उतरलेलं नाही.

स्कॅनचा यात दोष नाही. सीटी रक्त आणि हाड पाहण्यासाठी आहे, आणि कन्कशनमध्ये बिघडतं ते काम. क्रिस्तोफर गिझा आणि डेव्हिड होव्हडा या लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २००१ मध्ये त्याचं चित्र नीट मांडलं. हादऱ्याने पेशींच्या आवरणांतून पोटॅशियम बाहेर जातं आणि कॅल्शियम आत शिरतं. ते पूर्ववत करायला मेंदूला एकदम जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका तेव्हाच त्याचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. ही ओढाताण बहुतेकांमध्ये दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निवळते. बहुतेक माणसं बरी होतात, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण भीतीने आजार वाढतो. पण सगळेच होत नाहीत. कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या ३,०६३ मुलांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे तीस टक्के मुलांना २८ दिवसांनीही त्रास होत होता. हे आडवळणाचे, अपवादाचे पेशंट नव्हेत. दहा मुलांमागे तीन आहेत.

आता विश्रांतीबद्दल. आजारी माणसाला अंथरुणात ठेवणं ही आपली मायेची रीत आहे, आणि कन्कशनमध्ये वैद्यकशास्त्रानेही बरीच वर्षं तीच धरून ठेवली. खोलीत अंधार करा, टीव्ही बंद, वाचन बंद, फोन बंद, मित्र बंद. लक्षणं पूर्ण जाईपर्यंत हलू नका. लक्षणं गेली नाहीत तर काय, याचं उत्तर ‘अजून पडून राहा’ हेच असे. ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड आशर यांनी पडून राहण्याचे धोके १९४७ मध्येच लिहून ठेवले होते. पाठदुखीत आणि हृदयविकारात ते पुढे मान्य झाले, डोक्याच्या मारात मात्र व्हायला फार उशीर लागला. २०१५ मध्ये विस्कॉन्सिनच्या डॅनी थॉमस आणि सहकाऱ्यांनी ११ ते २२ वयाच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती आणि दुसऱ्याला एक-दोन दिवस विश्रांती देऊन मग हळूहळू नेहमीचं आयुष्य. कडक विश्रांतीवाल्यांनी जास्त लक्षणं सांगितली आणि ती निवळायलाही जास्त दिवस लागले.

त्याचं कारण उघड आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलाला पंधरा दिवस अंधारात ठेवलं तर त्याला मार लागलेला नसला तरी उभं राहिल्यावर गरगरेल, झोप बिघडेल, डोकं जड होईल. म्हणजे आजार आणि उपचार दोन्हींचीही लक्षणं एकच होतात. मग कोणाचं काय, हे कुणालाच कळत नाही.

इथे अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाचे जॉन लेडी आणि बॅरी विलर यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी पेशंटला ट्रेडमिलवर उभं केलं. चाचणी साधी आहे. पट्टा ताशी पाच-साडेपाच किलोमीटर वेगाने चालतो, म्हणजे घाईने स्टेशन गाठणाऱ्या माणसाची चाल. पहिल्या मिनिटाला पट्टा सपाट, मग दर मिनिटाला एक टक्का चढ. छातीवर नाडी मोजणारा पट्टा. दर मिनिटाला एकच प्रश्न : डोकेदुखी, चक्कर, जडपणा मिळून दहापैकी किती? सुरुवातीच्या आकड्यापेक्षा तो तीनने वाढला की चाचणी थांबते आणि त्या क्षणाची नाडी लिहून ठेवतात. समजा ती १४० आहे. तिचे ऐंशी टक्के म्हणजे ११२. या नाडीवर रोज वीस मिनिटं चालायचं किंवा सायकल मारायची, आणि काही दिवसांनी पुन्हा मोजून डोस वाढवायचा. ‘झेपेल तेवढं करा’ या गुळमुळीत वाक्याच्या जागी पेशंटच्या हातात एक आकडा येतो. तोच आकडा त्याच्या आईच्या आणि पी.टी.च्या मास्तरांच्याही हातात येतो. याचं महत्त्व लहान नाही.

यामागची कल्पना अशी की हादऱ्यानंतर नाडी, रक्तदाब आणि मेंदूकडचा रक्तप्रवाह जुळवून घेणारी स्वायत्त यंत्रणा डळमळते. म्हणून श्रम वाढले की ठराविक नाडीवर लक्षणं उसळतात. त्या उंबरठ्याच्या खालून रोज थोडं काम केलं की यंत्रणा पुन्हा वळणावर येते. २०१९ मध्ये लेडी यांच्या गटाने १०३ किशोरवयीन खेळाडूंवर हे पडताळलं. मोजून व्यायाम करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले आणि नुसते ताण देण्याचे व्यायाम करणारे १७ दिवसांत. चार दिवसांचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात ११८ मुलं होती, आणि त्यात त्रास चार आठवड्यांपलीकडे रेंगाळण्याचा धोका व्यायामवाल्या गटात ४८ टक्क्यांनी कमी दिसला. रेंगाळणारा आजार टाळणं हा फायदा चार दिवसांच्या हिशेबात मावत नाही. यात ना औषध आहे, ना महागडं यंत्र. सपाट रस्ता, घड्याळ आणि शिकवणारा माणूस एवढ्यावर हे निभतं.

हे वाचून कुणी पहिल्याच दिवशी पळायला निघू नये. २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जमलेल्या खेळवैद्यकातल्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं आहे की पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती घ्यायची आणि त्या काळात स्क्रीनही कमी पाहायचा. वारंवार उलट्या, वाढती गुंगी, एका हातापायातली शक्ती जाणं, फिट, वाढतच जाणारी डोकेदुखी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असणं, यांपैकी काही असेल तर आधी हॉस्पिटल, बाकी सगळं नंतर. आणि पुन्हा डोक्यावर मार बसेल असा खेळ डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय नाही. पण त्याच तज्ज्ञांनी हेही सांगितलं की हालचालीने त्रास दहाच्या मापात आधीपेक्षा दोन अंकांपर्यंतच वाढला आणि तासाभरात उतरला, तर त्यात काही बिघडत नाही. माझ्या मते साऱ्या निवेदनातलं पेशंटसाठी सर्वांत मोलाचं वाक्य हेच आहे. डोकं जरा दुखलं की मेंदूला नव्याने इजा झाली या धास्तीत जगणाऱ्या माणसाला यातून मोकळीक मिळते.

ट्रेडमिलची चाचणी आणखी एक काम करते. काही पेशंट दमेपर्यंत चालतात आणि त्यांची लक्षणं जागची हलत नाहीत. म्हणजे श्रमाशी त्यांच्या त्रासाचं नातं नाही आणि दुखणं दुसरीकडे आहे. बऱ्याचदा ते मानेत असतं.

हे खरं तर आपल्याला आधीच सुचायला हवं होतं. डोकं मानेवर आहे. मेंदू हादरेल एवढ्या जोराचा झटका डोक्याला बसला, तर तो मानेला वगळून कसा जाईल? मानेला इजा व्हायला मेंदूच्या तुलनेत कितीतरी कमी जोर पुरतो. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून येणाऱ्या नसा आणि चेहऱ्या-कपाळाची मोठी नस यांचे संदेश मेंदूच्या बुंध्याशी एकाच केंद्रात पोचतात. म्हणून दुखतं मानेत आणि कळ येते कपाळात, डोळ्यामागे. पेशंट म्हणतो डोकं दुखतं, आपण डोक्याचा स्कॅन काढतो, आणि मान तशीच राहते.

मान नुसती दुखते असंही नाही. डोकं कुठल्या दिशेला आहे ही बातमी मेंदूला मानेचे स्नायू आणि सांधे सतत देत असतात. ती बातमी चुकू लागली की कान एक सांगतो, डोळे दुसरं, मान तिसरं, आणि माणसाला गरगरल्यासारखं होतं. हे तपासायची रीत पाहण्यासारखी आहे. पेशंटला भिंतीपासून नव्वद सेंटिमीटरवर बसवतात. कपाळाला पट्ट्याने लेझरचा छोटा दिवा बांधलेला असतो, त्याचा लाल ठिपका भिंतीवरच्या कागदाच्या मध्यावर आणतात. मग डोळे मिटून मान उजवीकडे पूर्ण वळवायची आणि आपल्या अंदाजाने परत मध्यावर आणायची. डोळे उघडले की ठिपका कुठे थांबलाय ते दिसतं. चुकणं थोडंफार सर्वांचंच होतं. पण ठिपका वारंवार सात सेंटिमीटरच्या आसपास लांब थांबत असेल, तर मानेची दिशेची जाण बिघडली आहे. महिनाभर ‘तुला काही झालेलं नाही’ हे ऐकलेल्या पेशंटला भिंतीवरचा हा ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. उपचारही याच चाचणीतून निघतो : ठिपका परत मध्यावर आणण्याचा सराव, मानेच्या पुढच्या बाजूचे खोल स्नायू बळकट करणं, अडकलेले सांधे हलक्या हाताने मोकळे करणं. सलूनमध्ये दाढीनंतर मान कटकन मोडून घेण्याशी याचा काडीचा संबंध नाही. मार लागलेल्या मानेला तो झटका अजिबात देऊ नये, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्याने इजा होऊ शकते.

कॅलगरी विद्यापीठाच्या कॅथरिन श्नायडर यांनी २०१४ मध्ये चक्कर, मानदुखी, डोकेदुखी रेंगाळलेल्या ३१ खेळाडूंचे दोन गट केले. दोन्ही गटांना विश्रांती आणि साधे व्यायाम. एका गटाला त्याखेरीज मान आणि तोल या दोन्हींवर नेमके उपचार. आठ आठवड्यांत या गटातल्या ७३ टक्के जणांना डॉक्टरांनी खेळायला मोकळं केलं, दुसऱ्या गटातल्या ७ टक्क्यांना. अभ्यास लहान आहे, हे मान्य. ३१ माणसांवरून कुणी छातीठोक बोलू नये. पण फरक एवढा मोठा आहे की मान न तपासणाऱ्याला आता सबब उरत नाही.

तोलाचं दुसरं ठाणं अंतर्कर्ण. तिथले कॅल्शियमचे सूक्ष्म कण हादऱ्याने जागचे निसटतात आणि अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. मग कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, फरशी पुसायला वाकलं की काही सेकंद घर फिरतं. घरकाम करणाऱ्या बाईला हे दिवसातून वीसदा होतं, आणि ‘अशक्तपणा आहे’ म्हणून तिला टॉनिक मिळतं. डिक्स-हॉलपाइक ही तपासणी १९५२ पासून उपलब्ध आहे. पेशंटला बसल्या जागेवरून एका बाजूला मान वळवून झटकन आडवं करायचं आणि डोळ्यांची थरथर बघायची. निदान झालं की जॉन एप्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हालचालींनी ते कण परत जागी नेता येतात, आणि कित्येकदा एका बैठकीत आराम पडतो. एवढ्यासाठी महिनोन्महिने गोळ्या खाणारी माणसं पाहिली की जीव कळवळतो.

डोळ्यांचंही तसंच. पेन्सिलीचं टोक हळूहळू नाकाकडे आणलं तर निरोगी डोळ्यांना ते पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत एकच दिसतं. हादऱ्यानंतर पुष्कळांना त्याच्या बरंच आधी दोन दिसू लागतात. नंबर तोच असतो, चष्म्याचं दुकान काही चुकलेलं नसतं. दोन डोळे एकत्र वळवण्याची ताकद कमी झालेली असते. दहावीच्या पोराचं यात वर्ष जातं, आणि घरात त्याला कामचुकार म्हटलं जातं.

या सगळ्यात नवं तसं थोडंच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये टेरेन्स कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी तोल गेलेल्या, डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी व्यायाम बसवले. नजर वर-खाली, मान डावी-उजवी, चेंडू या हातातून त्या हातात, जिना चढणं-उतरणं. ज्या हालचालीने गरगरतं तीच बेताने, पुन्हा पुन्हा करायची, म्हणजे मेंदू जुळवून घेतो. हे व्यायाम आजही त्यांच्याच नावाने शिकवले जातात.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. शरीर शरीर करताना मनाचं काय? चिंता, उदासी, अपघाताची भरपाई, नोकरीची टांगती तलवार यांनी त्रास लांबत नाही का? लांबतो, नक्कीच लांबतो. पण हा वाद किती जुना आहे पाहा. १८६६ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी रेल्वे अपघातांनंतर मागे राहणाऱ्या दुखण्यांवर पुस्तक लिहिलं आणि ही दुखणी मज्जातंतूंची की मनाची, यावर कोर्टांत भांडणं झाली. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी हादरलेल्या सैनिकांबद्दल तोच वाद. दीडशे वर्षं दोन्ही बाजू एकच चूक करत आल्या, असं मला वाटतं. शरीराचं म्हणजे खरं, मनाचं म्हणजे खोटं, असं धरून त्या भांडल्या. मान दुखते म्हणून माणूस ती ताठ धरतो. ताठ धरल्याने डोकं दुखतं, डोकं दुखतं म्हणून झोप जाते, झोप गेली की भीती वाढते, आणि भीतीने मान आणखी ताठ होते. यात मन कुठे सुरू झालं आणि शरीर कुठे संपलं? पण हात घालायला सोपी जागा मान आहे. पेशंटला ‘घाबरू नका’ म्हणून सांगणं फार थोड्यांना उपयोगी पडतं. काल बारा मिनिटं चाललो आणि काही झालं नाही, आज पंधरा, हे ज्याने स्वतः पाहिलं त्याची भीती ओसरते. आणि त्यानंतरही समुपदेशकाची गरज उरली, तर ती विनासंकोच सांगावी. फक्त क्रम चुकू नये. अंग तपासल्याशिवाय मनावर ढकलणं म्हणजे हात झटकणं.

या उपचारांना मर्यादा आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला अजिंक्य रहाणेच्या संघाविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोव्स्कीने कसोटी पदार्पणात ६२ धावा केल्या. डोक्यावर वारंवार चेंडू लागलेला हा गुणी फलंदाज २०२५ मध्ये वैद्यकीय सल्ल्यावरून निवृत्त झाला, वय अवघं २७. जगातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओ त्याच्या हाताशी होते. ती त्याची एकमेव कसोटी ठरली. पुनर्वसनाने प्रत्येक जण मैदानात परततोच असं नाही, आणि तसं आश्वासन कुणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहावं.

क्रिकेटने निदान नियम तरी केला. ऑगस्ट २०१९ पासून कन्कशन झालेल्या खेळाडूऐवजी बदली खेळाडू येतो, लॉर्ड्‌सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला तो पहिला. मार लागलेल्या दिवसाचं असं ठरलं. चाळिसाव्या दिवसाचं काय? आणि आपले बहुतेक हादरे लॉर्ड्‌सवर बसत नाहीत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. जी वाचली, डोकं आपटून घरी परतली, त्यांच्या पुढच्या महिन्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. कबड्डीच्या मॅटवर, तालमीत, दहीहंडीच्या थरांवरून पडलेली पोरंही त्यातच आली.

फिजिओथेरपी आपल्याला परकी नाही. देशातलं तिचं पहिलं शिक्षणकेंद्र १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत केईएममध्ये उभं राहिलं. आज जिल्ह्याच्या गावीच काय, तालुक्यालाही फिजिओची पाटी दिसते. पण लोकांच्या लेखी फिजिओ म्हणजे शेक. यंत्राखाली वीस मिनिटं पडून राहायचं, पैसे द्यायचे, घरी जायचं. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही बऱ्याचदा तेवढंच असतं : ‘मानेला शेक, दहा दिवस’. मान, तोल, नजर आणि नाडी तपासून व्यायामाचा डोस ठरवणारा तज्ज्ञ म्हणून फिजिओकडे पाठवायचं, आणि फिजिओंनीही ते शिकून त्याच तयारीने पेशंट घ्यायचा, एवढा बदल दोन्हीकडून हवा आहे. त्याला नवी इमारत लागत नाही. लेझरचा दिवा, पेन्सिल, तपासणीचं टेबल, घड्याळ आणि अर्धा-पाऊण तास लागतो.

म्हणून डोक्याच्या मारानंतर पेशंटला घरी सोडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना माझी विनंती आहे. ‘स्कॅन नॉर्मल, विश्रांती’ याच्या खाली आणखी एक ओळ लिहा : ‘दोन दिवसांनी हळूहळू चालायला लागा, तीन-चार आठवड्यांनी त्रास उरला तर मान, कान, डोळे आणि श्रमाची नाडी तपासायला या.’ आणि ही ओळ कार्डावर नसेल, तर पेशंटच्या घरच्यांनी ती स्वतः विचारावी. विचारताना संकोच करू नये, तपासणीचा हक्क रिपोर्ट नॉर्मल आल्याने संपत नाही.